केर्तीचा शब्द

“आधी नाक, मग काडी. वास आला तर काडी नाही, उदबत्ती नाही, दिव्याचं बटणसुद्धा नाही. दार-खिडकी उघडायची, रेग्युलेटर काढायचा आणि तो घेऊन सरळ माझ्याकडे यायचं. येशील ना?”

गॅसचे दुकानदार सुदार्नाकाकांनी हे विचारलं आणि नवी सून केर्ती खाली मान घालून “येईन” म्हणाली, तेव्हा मी कोरी करकरीत होते. आज मी बाली बेटावरच्या एका घरामागे, डुकरांच्या खोपटाला टेकून पडलेली जुनी गॅसची शेगडी आहे. माझ्या पोटात कोंबडी अंडी घालते.

मित्रांनो, नऊ वर्षं मी त्या घराचा भात शिजवला. तिथली रीत अशी, की भात उतरला की घरच्यांच्या आधी अग्नीला घास. केळीच्या पानाच्या बोटभर तुकड्यावर चार शितं आणि चिमूटभर मीठ माझ्या अंगावर ठेवायचं, शेजारी उदबत्ती लावायची. एवढा मान कुठल्या भांड्याला मिळतो?

मग सिलिंडरवरच्या रेग्युलेटरची पकड झिजली आणि तो फुसफुसू लागला. केर्तीनं सासूला, रास्मिनला, सांगितलं. सासूनं वरवंटा उचलून रेग्युलेटरवर ठेवला. आवाज थांबला, वास थांबला नाही. पण गल्लीत घरोघरी असाच दगड असायचा.

“माहेरी जन्मभर लाकडं फुंकलीस, आणि आता नाक मात्र साहेबाचं झालंय,” सासू म्हणाली.

केर्ती रोज खिडकी उघडी ठेवू लागली. कोंबड्या आत येऊन देवाची शितं टिपू लागल्या, म्हणून सासूनं खिडकीला खिळे ठोकले.

एके सकाळी भात उतरला, मला बंद केलं, तरी वास वाढतच होता. केर्ती दारातच थांबली.

“आई, आज नुसती शितं ठेवते. उदबत्ती अंगणात लावते.”

“म्हणजे तुझ्या नाकापायी देवानं उपाशी राहायचं?”

सासूनं उदबत्ती आणि काडेपेटी तिच्या हातात कोंबली, तिला आत ढकललं आणि स्वतः ती दार अडवून उभी राहिली. केर्तीनं काडी ओढली.

हा वायू पाण्यासारखा खाली साचतो. ज्वाळा जमिनीवरूनच उठली. केर्तीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. नारळाच्या कोवळ्या पानांच्या देवाच्या परड्या ती त्याच हातानं विणायची. सासूचा एक केसही जळला नाही.

शेजारणी धावून आल्या. त्यांना सासू हळू आवाजात सांगत होती, की विटाळ असताना ही नैवेद्य ठेवायला गेली, म्हणून अग्नीनं शिक्षा केली. केर्ती विव्हळत होती. शेजारणींनी माना डोलावल्या. मित्रांनो, अग्नीला मी जवळून ओळखते. तो कुणाला शिक्षा करत नाही. वाट मिळेल तिकडे जातो, इतकंच.

माझ्या जागी नवी शेगडी आली. रेग्युलेटर मात्र तोच. “धातूचा आहे, त्याला काय धाड भरलीय?” म्हणत सासूनं काजळी पुसली आणि वरवंटा पुन्हा वर ठेवला. खिळेही तसेच. केर्तीची बोटं आता मिटत नाहीत, म्हणून घास ठेवायचं काम तिच्या सात वर्षांच्या विद्यानीकडे आलं. आज सकाळी, मागच्या दारातून मला दिसत होतं, आजी नातीला काडी ओढायला शिकवत होती.

मित्रांनो, देवानं नाक दिलंय, त्याचा मान राखा. वास आला तर मोठ्यांचंही ऐकू नका. आधी बाहेर या.

तेवढ्यात केर्तीनं पोरीच्या हातातली काडेपेटी काढून घेतली आणि तिला अंगणात पाठवलं. वरवंटा खाली ठेवला. डाव्या हातानं खटपट करत रेग्युलेटर सोडवला आणि तो घेऊन ती निघाली.

“घास राहिलाय, आणि निघालीस कुठे?”

“सुदार्नाकाकांना येईन म्हटलं होतं, आई.”

अंगणात विद्यानीनं आईच्या कमरेला गुंडाळलेल्या लुंगीचं टोक धरलं. दोघी माझ्यासमोरून गेल्या आणि दुकानाच्या वाटेला लागल्या.