खाली थोडंसंच लागलंय

मी किसणी बोलतेय. गाजराचा कीस पाडणारी गरीब गाय नव्हे; मी बेकरीतली किसणी. करपलेल्या पावांचे आणि केकचे काळे तळ खरवडायचे, हा माझा जन्मभराचा धंदा. करपवायचं माणसांनी आणि निस्तरायचं मी. तेव्हा माझ्या तोंडून गोड शब्दांची अपेक्षा असेल तर आत्ताच उठा.

माझा जन्म काही थोर कुळातला नाही. मी तेलाच्या डब्याची एक बाजू होते. डबे ठोकणाऱ्या एका कारागिराने मला कापलं, पालथं घातलं आणि खिळा धरून अंगभर भोकं पाडली. त्याच्या मते तो मला कामाची करत होता. माणसं दुसऱ्याला भोसकतात तेव्हा त्यांच्याकडे कारण नेहमी चांगलंच असतं.

मला विकत घेतलं ते म्हाताऱ्या मालकांनी. आमची विटांची भट्टी त्यांनीच बांधली आणि बांधतानाच डाव्या कोपऱ्यात घोळ करून ठेवला. तिथे आच जास्त. ट्रे आत गेला की डावीकडचा माल काळा व्हायचाच. मधेच दार उघडून ट्रे फिरवला असता तर काम भागलं असतं. पण एकदा त्यांनी घाईने दार उघडलं, केक मधोमध बसला आणि गिऱ्हाइकं हसली. तेवढ्यावरून घराण्याचा नियम झाला: दार एकदा लावलं की माल होईपर्यंत उघडायचं नाही. ट्रे फिरवण्याऐवजी त्यांनी किसणी आणली. याला म्हणतात अक्कल.

मालाची वाटणी ठरलेली होती. उजवीकडचा माल पुढच्या कपाटात, गिऱ्हाइकांसाठी. डावीकडचा माझ्याकडे. मी खरवडला की त्यातला थोडा मागच्या दारी, गल्लीतल्या पोरांच्या हातावर, फुकट. बाकीचा घरच्यांच्या ताटात. मागच्या दारची ती पोरं शेंबडी होती, पण खाताना तक्रार करत नसत, हे मात्र मी कबूल करते.

म्हातारे मालक गेले. मुलाकडे भट्टी आली, नियम आला आणि मीही आले. या धाकट्या मालकांनी पहिलं काम काय केलं, तर मागचं दार बंद केलं. "फुकट खायची सवय लागते लोकांना," म्हणाले. झालं, आता सगळंच खरवडलेलं घरात येऊ लागलं.

मालकीणबाई लग्न होऊन आल्या, तेव्हाची सकाळ मला आठवते. त्यांच्या ताटलीत पावाचे दोन तुकडे वाढले होते. त्यांनी एक उलटा करून तळ पाहिला. मालक लगेच म्हणाले, "खाली थोडंसंच लागलंय गं. किसून घेतलंय." नवी नवरी काय बोलणार? खाल्लं मुकाट्याने. त्यानंतर त्यांनी कधी पाव उलटा करून पाहिला नाही.

'थोडंसंच लागलंय.' हे वाक्य ऐकून ऐकून माझ्या भोकांना घट्टे पडले. जळलं ते जळलं, असं म्हणायला या लोकांची जीभ रेटत नाही. वरून साखर भुरभुरवतील, पाक ओततील, कापून काळी बाजू भिंतीकडे करतील. आणि करपट वास? तो काय तळाशी नाव लिहून बसतो? तो आत शिरतो, मनुकांच्या पोटात जाऊन बसतो. माझ्या हाताला तळ लागतो, वास लागत नाही. हे मला पत्र्याला कळतं, यांना कळत नाही.

मालकांची लेक कळत्या वयाची झाली तशी दुसऱ्या गावी एका मोठ्या बेकरीत काम शिकायला गेली. बऱ्याच काळाने परत आली. पहिल्याच सकाळी पावाचा तुकडा तोंडाशी नेला आणि थांबली.

"आई, करपट वास येतोय."

"कुठे काय?" मालकीणबाई म्हणाल्या. खोटं नाही बोलल्या. त्यांना खरंच येत नव्हता.

पुढे लेकीने बाबांना सांगून पाहिलं, की माल एकदा फुगून वर आला आणि घट्ट झाला की दार उघडून ट्रे फिरवता येतो, काही बसत नाही. मालकांनी ऐकूनच घेतलं नाही. "या भट्टीला दोन हात चालत नाहीत," म्हणाले आणि तिला पुढे खोकी बांधायला बसवलं. शिकून आलेल्या पोरीकडून दोऱ्या बांधून घ्यायच्या! एवढंच करायचं होतं तर बाहेर पाठवली कशाला?

आणि मग तो केक आला.

कोपऱ्यावर पूर्वी घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा बसत. गावभर त्यांना घड्याळजी म्हणत. ते आता अंथरुणाला खिळले होते आणि अन्न तोंडात घेत नव्हते. एका दुपारी त्यांची सून दुकानात आली. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी गुंडाळलेले.

"काका, आमचे मामंजी काही म्हणजे काही खात नाहीत हो," ती मालकांना म्हणाली. "चमचा पुढे केला की तोंड फिरवतात. काल पहिल्यांदा आपणहून काही मागितलं. म्हणाले, या बेकरीचा मनुकांचा केक आण, लहानपणी खायचो तो. एक घास गेला तरी पुष्कळ."

मालक भट्टीत न घालताच फुगले. "आमचा केक आहे तो! माणूस अंथरुणावर पडला तरी विसरत नाही. संध्याकाळी न्या. मी स्वतः करतो."

केला. स्वतःच केला. उजवीकडची जागा पावांनी आधीच अडवली होती, म्हणून मरणाच्या दारातल्या माणसाचा केक डाव्या कोपऱ्यात गेला. दार अर्थातच उघडलं नाही. बाहेर आला तेव्हा तळ माझ्या मामाच्या, म्हणजे तव्याच्या, रंगाचा झाला होता.

मालकांनी सवयीने मला खिळ्यावरून काढलं. लेकीने त्यांचा हात धरला.

"बाबा, हा टाकून द्या. वेळ आहे, दुसरा होईल."

"अन्न टाकायचं? खाली थोडंसंच लागलंय."

"त्यांना एक घास जाणार, बाबा. एकच. तो करपट द्यायचा?"

मालकांनी हात सोडवून घेतला आणि मला केकवर चालवलं. काळा भुगा ओट्यावर पडत राहिला. मग त्यांनी कडेचा एक पातळ काप काढून बायकोपुढे धरला. "तूच सांग आता."

मालकीणबाईंनी चावून पाहिलं. "छान झालाय की."

मालकांनीही खाल्ला. "एक नंबर!"

मला तर हसावं की रडावं कळेना. परीक्षा कोण घेतंय, तर ज्यांनी जन्मभर माझी खरवड खाल्ली ते! लेकीचाही संयम सुटला.

"तुमच्या जिभांना काय कळणार? आपण कधी खाल्लाय का आपला चांगला केक? या घरात करपलेल्याशिवाय काही आलंय कधी?"

"मला शिकवू नकोस," मालक गरजले.

लेक तरातरा पुढे गेली. कपाटात सकाळच्या केकचा एक काप उरला होता, उजव्या बाजूचा. तो आणून तिने आईच्या हातावर ठेवला.

"अगं, विकायचा आहे तो," मालकीणबाई घाबरून म्हणाल्या.

"आई, खा."

त्यांनी खाल्ला. पहिला घास घेतला आणि चावायच्या थांबल्या. मग हळूहळू चावत राहिल्या. दुसरा घास घेताना डोळे मिटले. ओट्यावर पडलेली एक मनुकासुद्धा त्यांनी बोटाने टिपून घेतली.

"हा आपल्याकडचाच?"

"मग काय शेजारच्यांचा?"

मालकीणबाई नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "आपण असा करतो होय?"

त्यात राग नव्हता. राग असता तर मालकांनी ओरडून झाकला असता. जिच्या हाताखालून या घरातला सगळा माल गेला, जिने त्याच्या कडा पुसल्या, खोकी भरली, गिऱ्हाइकांना "ताजा आहे" म्हणून दिला, ती बाई आपल्याच केकची चव विचारत होती. मालक वळले आणि रिकामी भट्टी बघत उभे राहिले. मालकीणबाईंनी तो खरवडलेला केक उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

दुसरा केक लेकीने लावला. मधेच दार उघडलं, ट्रे फिरवला. मालक पाठ करून उभे होते. केक बसला नाही. संध्याकाळी सून खोकं घेऊन गेली आणि मी न वापरता खिळ्यावर लटकले. मला वाईट वाटलं का? नाही. पण अगदीच बरं वाटलं असंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून परत आली. हातात तेच खोकं. आत केक जवळजवळ अख्खा.

"रागावू नका हो," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "एक घास घेतला आणि बाहेर काढला. म्हणाले, हा तो नव्हे. तो खाली तांबूस असायचा, खरखरीत, किसलेला. जरा कडवट. मागच्या दारी मिळायचा म्हणाले. मला काही अर्थच लागेना."

मला लागला. मागच्या दारचं एक शेंबडं पोर, माझ्या खरवडीवर वाढलेलं, घड्याळं दुरुस्त करता करता म्हातारं झालं होतं आणि आता जाता जाता मला मागत होतं! आणि हवा होता तसा केक, बहुतेक तंतोतंत तसाच, आदल्या दिवशी कचऱ्यात गेला होता. वा रे माणसं! करपलेलं वाढतात तेव्हा न विचारता वाढतात, आणि टाकतात तेव्हाही न विचारताच टाकतात. लेकीलाही यातून सोडणार नाही मी.

लेकीने लगेच नव्या केकचं पीठ भिजवलं. केक मुद्दाम डाव्या कोपऱ्यात ठेवला, दार लावलं. पण चांगल्या कारागिराला करपवण्याची सवय कुठली? तिचा अंदाज चुकला. बाहेर आला तो नुसता कोळसा.

इतका वेळ खुर्चीत बसलेले मालक उठले. "सर बाजूला," म्हणाले. "तुला साधं करपवता येत नाही. करपवायलासुद्धा हात लागतो."

मालकीणबाई फिस्सकन हसल्या. मग लेक हसली. शेवटी मालकही. माझ्या आठवणीत त्या भट्टीपुढे तिघं एकदम हसल्याचं हे पहिलंच.

मालकांनी केक लावला आणि दारापाशी नाक नेऊन उभे राहिले. बरोबर वेळेला काढला. मग मला उतरवून हलक्या हाताने तळावर चालवलं. काळं गेलं, तांबूस राहिलं. खरं सांगते, असं देखणं करपवणं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. सून तो घेऊन धावतच गेली. संध्याकाळी तिचा निरोप आला: चतकोर काप खाल्ला, दुधाचा घोट घेतला आणि म्हणाले, "हां. हा." पुढे ते किती जगले हे मला विचारू नका. त्या दिवशी जेवले, एवढं मला पुरे.

उरला लेकीचा कोळसा. तो तसाच ओट्यावर पडून होता. सवय ती सवय! रात्री जेवायला बसताना मालकांनी तो खरवडला. अर्ध्यापर्यंत किसला तरी काळाच. तरी एक काप काढला आणि बायकोच्या ताटलीत ठेवला.

मालकीणबाईंनी तो उलटा करून तळ पाहिला. लग्नानंतरच्या त्या पहिल्या सकाळी पाहिला होता, तसाच.

"मला नको," त्या म्हणाल्या.

"अगं, खाली थोडंसंच लागलंय."

"मग तुम्ही खा."

त्यांनी ताटली मालकांपुढे सरकवली आणि उठून पुढच्या कपाटातून चांगला पाव आणला. मालक ताटलीकडे बघत बसले. मग खाल्ला बिचाऱ्यांनी, सगळा, तोंड वाकडं करत. चव लागली त्यांना. जिभेला कळत नाही म्हणे!

आता मी खिळ्यावरच असते. भट्टीत रोज ट्रे फिरतो. मला कधी कोणी उतरवलंच, तर लिंबाची साल किसायला, आणि त्या कामात काही राम नाही. गंजून पडण्याआधी एकच सांगते. तुमच्या घरी काही करपलं, तर ते खरवडायचं की फेकायचं हे मला विचारू नका, स्वतःच्या कंजूषपणाला विचारू नका, नव्याने शिकून आलेल्या शहाणपणालाही विचारू नका. ज्याच्या ताटलीत वाढणार आहात, त्याला विचारा. आणि तो "नको" म्हणाला, तर तुम्ही खा.