दोनच वाक्यं, काका!

मी माईक बोलतोय. विमानाच्या अगदी पुढच्या खोलीत, जिथे दोन वैमानिक बसतात, तिथे डाव्या खुर्चीशेजारी हुकाला लटकणारा मुठीएवढा काळा माईक. उभा जन्म दुसऱ्यांचं बोलणं पोचवण्यात गेला, म्हणून आज जरा स्वतःचं बोलून घेतो. नमनाला घडाभर तेल घालणार नाही.

मी कारखान्यात जन्मलो. तपासणाऱ्या बाईंनी माझ्यात "एक, दोन, तीन" म्हटलं, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. पहिली काही वर्षं आकड्यांतच गेली. उंची इतके हजार फूट, बाहेर इतके अंश, धन्यवाद. मग माझ्या नशिबी काका आले.

काका म्हणजे आमचे कॅप्टन. पांढऱ्या मिशा, गोल पोट आणि तोंडाचा पट्टा सदैव सुरू. मला हातात घेतलं की आधी माझ्यावर फुंकर, मग घसा साफ, मग, "मंडळी, उजवीकडे तळं बघा! लहानपणी मी अशाच तळ्यात बुडता बुडता वाचलो." मग त्यांना बाहेर ओढणारा मामा, मामाचा तिरसट स्वभाव, मामींचा त्याहून तिरसट. डावीकडचे लोक उजवीकडे माना ताणायचे, तोवर तळं मागे पडून डोंगर आलेला असायचा. मला तर नुसत्या गुदगुल्या व्हायच्या.

पण सगळ्यांनाच होत नाहीत. बाराव्या रांगेतले एक चष्मेवाले गृहस्थ दर आठवड्याला आमच्याच विमानाने जायचे आणि त्यांना झोप फार प्यारी. त्यांनी कंपनीला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्यात लिहिलं होतं, 'कॅप्टनच्या मामींबद्दल मला काहीही जाणून घ्यायचं नाही.' कंपनीच्या मोठ्या बाईंनी काकांना बोलावून हुकूम सोडला, एका वेळी दोनच वाक्यं. आणखी एक तक्रार आली, की माईकला हात लावायचा नाही.

काकांचं तोंड एवढंसं झालं. काका गेले तर पुन्हा आकडेच की!

सहवैमानिक एक तरुण मुलगी होती. काका तिला पोरी म्हणायचे. तिची तऱ्हा उलटी. एकदा विमानाला धक्के बसायला लागले तेव्हा ती माझ्यात एवढंच म्हणाली, "बसून राहा." मागे निम्म्या विमानाला देव आठवले. तर काकांना आवरायचं काम तिच्याकडेच आलं. काका बोलायला लागले की ती बोटं मोजायची आणि दोन बोटं वर झाली की काकांच्या तोंडाला कुलूप. काकांनी मग एकेका वाक्यात दोन तळी आणि एक डोंगर कोंबायला सुरुवात केली, ते सोडा.

मग ती दुपार आली. आम्ही उतरत होतो, विमान पोरगी चालवत होती. चाकं टेकणार, एवढ्यात धावपट्टीच्या मधोमध एक कुत्रा दिसला. निवांत बसून कान खाजवत होता! पोरीने विमान सरळ वर काढलं. मागून एकच किंकाळी आली.

काकांनी टॉवरला, म्हणजे विमानांना वाट दाखवणाऱ्या बाईंना, घडलं ते कळवलं. आम्ही वर घिरट्या घालू लागलो. तेवढ्यात मागून हवाईसुंदरीचा फोन. "काका, लोक रडतायत! एक बाई नवऱ्यापुढे सगळे जुने गुन्हे कबूल करतेय. काहीतरी बोला!"

काकांनी मला उचललं. आज फुंकर नाही, घसा साफ करणं नाही. पण माझं एक गुपित आहे. माझ्याशेजारी बटणांची रांग आहे. एक दाबलं की आवाज प्रवाशांना जातो, दुसरं दाबलं की टॉवरला. बटण टॉवरचंच राहिलं होतं.

"मंडळी, घाबरू नका! कुत्रा होता, तपकिरी, अंगापिंडाने बरा. आमच्या मामांकडे अगदी असाच होता..."

पोरगी बटणाकडे बोट दाखवून जिवाच्या आकांताने हात हलवत होती. काकांना वाटलं, वाक्यं मोजतेय. "कळतंय गं! पण आज दोन वाक्यांत नाही भागत!" म्हणत ते थेट मामींपर्यंत पोचले. मला सगळं कळत होतं, पण स्वतःहून बोलायची मला सोय नाही.

काकांनी मला सोडलं तेव्हा टॉवरच्या बाई म्हणाल्या, "काका, कुत्र्याला हाकललंय. मामी आवडल्या. उतरायला थांबलेल्या पाच विमानांनीही ऐकलं. आता तुमच्या प्रवाशांना कधी सांगताय?"

काका कानापर्यंत लाल झाले. दीड मिनिट मागे प्रवाशांना त्यांचा एक शब्दही ऐकू गेला नव्हता! त्यांनी बरोबर बटण दाबलं, दोनदा बघून घेतलं. "धावपट्टीवर कुत्रा बसला होता, म्हणून आम्ही मुद्दाम परत वर आलो. विमान ठणठणीत आहे, दहा मिनिटांत उतरतोय."

दोन बोटं वर झाली. काकांनी ओठ मिटले. पोरीने त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच तिसरं बोट वर केलं.

"आणि कुत्राही सुखरूप आहे!"

मागे असा हशा उसळला की बंद दारातून ऐकू आला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. गुन्हे कबूल करणाऱ्या बाईंचा सोडून.

आठवड्याने बाराव्या रांगेचं चौथं पत्र आलं. मोठ्या बाईंनी काकांना समोर उभं करून वाचलं. 'विमान वर गेल्यावर कॅप्टन दीड मिनिट गप्प होते. त्या दीड मिनिटात मी मामींचीसुद्धा वाट पाहिली. ही तक्रार समजावी.' मोठ्या बाई पोट धरून हसल्या. हुकूम बदलला, दोनाची तीन वाक्यं झाली. काका माझ्यापाशी येऊन एकटेच नाचले, तेही सीटबेल्ट लावून.

आता माझी वायर झिजलीय, बटण रुसतं. काका निवृत्त झाले त्या दिवशी माझ्या जागी नवा माईक बसला. त्या लेकराला माझं एकच सांगणं आहे. बाबा रे, तुला हातात घेणाऱ्याला म्हणावं, आधी बटण बघ, मग खरं काय ते सांग, आणि पाल्हाळ लावायचंच असेल तर चाकं टेकल्यावर लाव.

मला काकांनी मागून घरी आणलं. आता मी जेवणाच्या टेबलाशेजारी खिळ्याला लटकतो. माझी वायर कुठेच जात नाही. तरी रोज सकाळी काका मला उचलतात, फुंकर मारतात, घसा साफ करतात. "मंडळी, उजवीकडे खिडकी बघा..."

स्वयंपाकघराच्या दारातून काकूंचा हात बाहेर येतो. दोन बोटं वर.