विश्वंभरची गोष्ट

मार्तंडरावांकडे आयुष्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि झाशीच्या खंडेराव गेटाच्या आसपास ती न ऐकलेला माणूस शोधूनही सापडला नसता. पाहुणा आला, चहा झाला, की मार्तंडराव घसा खाकरायचे आणि अनुसूयाबाई आत निघून जायच्या. "आलं तुमचं धरण," असं पुटपुटत जायच्या खऱ्या, पण दाराआड उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकायच्या.

गोष्ट अशी. मार्तंडराव बेतवेवरच्या एका धरणावर एकतीस वर्षं पाण्याची पट्टी वाचत होते. नदीत रोवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आलं ते बघायचं आणि वर कळवायचं, एवढंच काम. १९८४ साली एका रविवारी त्यांचाच सोबती विश्वंभर घरची सगळी मंडळी घेऊन धरणाखालच्या खडकांवर सहलीला आला. बाट्या भाजायला गोवऱ्या पेटवल्या. दरवाजे उघडायच्या आधीचा भोंगा वाजला, पण पोरांच्या दंग्यात तो कुणाच्या कानावर गेला नाही. बघता बघता खडकाभोवती पाणी फिरलं. मार्तंडराव काठावरून कर्णा घेऊन ओरडले, "जहाँ हो वहीं बैठो! पानी में पाँव मत रखना!" सात जण बसून राहिले. विश्वंभर म्हणाला, गुडघाभर तर आहे, मी दोर घेऊन येतो. त्याने दोन पावलं टाकली. तिसरं कुणी पाहिलं नाही. पुढे दरवाजे बंद झाले, तीन तासांनी पाणी ओसरलं आणि त्याची बायको रुक्मिणी दोन्ही लेकरांना घेऊन खडकावरून उतरली.

"बसला तो वाचला, पाण्यात पाय टाकला तो गेला," असं म्हणून मार्तंडराव गोष्ट संपवायचे. सात माणसं आपल्या आवाजाने वाचली याचा त्यांना अभिमान होता. आठवा वाचला नाही म्हणून दर सर्वपित्रीला ते विश्वंभरच्या नावानेही पाणी सोडायचे.

त्यांची लेक स्नेहलता याच गोष्टीवर वाढली आणि लग्न होऊन इंग्लंडला गेली. आता तिची सात वर्षांची भानुमती दर रविवारी फोनवर तीच गोष्ट मागायची. पणजीचं नाव ठेवलेली ही भानू मराठी तोडकंमोडकं बोलायची, पण शेवटचं वाक्य तिला तोंडपाठ होतं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला, फोन वाजला. तिकडे दुपारचे अडीच वाजले होते. लेक, जावई आणि नात चार दिवस समुद्राकाठच्या एका शेतात तंबू ठोकून राहायला गेले होते.

"चांगलं सिमेंटचं घर सोडून चिखलात झोपायचं आणि त्याला सुट्टी म्हणायचं," अनुसूयाबाई म्हणाल्या. "आणि यशवंतराव कुठे आहेत?"

"तंबूपाशी खिचडी टाकताहेत, आई. आम्ही दोघीच फिरायला आलोय. नाना, हे बघा!" स्नेहलताने फोन फिरवला. जिकडेतिकडे ओली, करडी वाळू. समुद्र कुठेतरी लांब, पुसट रेघेएवढा. भानू वाळूच्या एका उंचवट्यावर मांडी घालून बसली होती.

"आजोबा, हा माझा खडक!"

मार्तंडराव खूश झाले. पण ज्याने एकतीस वर्षं पट्टी वाचली त्याचे डोळे निवृत्त होत नाहीत. त्यांना भानूच्या मागे, काठाच्या बाजूला, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक खांब दिसला. त्यांनी सवयीने मोजलं. पाण्यावर चार पट्टे.

"तिथे पाणी आहे का गं, त्या खांबापाशी?"

"थोडंसं. येताना तिथूनच आलो, नुसते तळवे भिजले."

मग भानूने शिंपले दाखवले, एक मेलेला खेकडा दाखवला, अनुसूयाबाईंचं "ठेव तो खाली" म्हणून झालं. फोन पुन्हा फिरला तेव्हा खांबावर तीन पट्टे होते.

मार्तंडरावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. पुन्हा लावला. तीनही नव्हते, अडीच होते.

"स्नेहल, मागे बघ."

"काय झालं?"

"आधी मागे बघ म्हणतो ना!"

तिने बघितलं. बोलली तेव्हा आवाज लहान झाला होता. "नाना, पाणी चारी बाजूंनी आलंय. समुद्र तर अजून लांबच दिसतोय, हे मागून कसं आलं?"

"काठ किती लांब आहे?"

"असेल दोन-अडीचशे पावलं. पण तुम्ही घाबरू नका नाना, आम्ही उंचावर आहोत. इथेच बसून राहतो. पाण्यात पाय टाकत नाही. ओसरेल थोड्या वेळाने."

आपलंच वाक्य आपल्याकडे असं परत येईल असं मार्तंडरावांना कधी वाटलं नव्हतं. बेतवेचं पाणी ओसरलं, कारण वर दरवाजे बंद करणारी माणसं होती. या पाण्याचा दरवाजा कोण बंद करणार? समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण भरती चढायला लागली की तासन्तास चढते, एवढं शाळेत शिकलेलं आठवत होतं. आणि पट्टी खोटं बोलत नाही. पाच-सहा मिनिटांना एक पट्टा, म्हणजे वीतभर पाणी. तो वाळूचा उंचवटा भानूच्या कमरेएवढाही नव्हता.

"यशवंतरावांना फोन लाव," ते बायकोला म्हणाले. अनुसूयाबाईंनी आपल्या फोनवर लावला. घंटी वाजत राहिली आणि कुणी उचलला नाही. त्यांनी पुन्हा लावला.

जा म्हणावं तर दोघींना विश्वंभरच्या वाटेला धाडल्यासारखं. बसा म्हणावं तर बसल्या जागी बुडतील. विश्वंभरची ती दोन पावलं इतक्या वर्षांनी जशीच्या तशी डोळ्यांपुढे आली. नदीने त्याला ओढून नेलं होतं. ओढून! त्यांना एकदम सुचलं.

"स्नेहल, पाण्यात एक पाय घाल. एकच. पाणी पायाला ओढतंय की नुसतं चढतंय?"

"नाना, पण तुम्हीच तर..."

"घाल!"

क्षणभर नुसता वाऱ्याचा आवाज आला. "नुसतं चढतंय. ओढ आहे, पण थोडीच. गुडघ्यापर्यंत आलंय."

"मग ऊठ. भानूला घे आणि चालायला लाग. आलीस त्याच वाटेने, पाय घासत घासत. थांबायचं नाही."

इकडे अनुसूयाबाईंचा फोन लागला आणि त्यांनी जावयाला बोलूच दिलं नाही. "यशवंतराव, पळा! दोघी पाण्यात अडकल्यात! जो कोणी वाचवणारा असेल त्याला बोलवा तिकडे!"

पण उंचवट्यावरून भानूचं किंचाळणं ऐकू येत होतं. तिने आईचा हात झिडकारला होता. दोन्ही मुठींत वाळू धरून ती घट्ट बसली होती.

"नो! बसला तो वाचला! पाण्यात पाय टाकला तो गेला! आजोबा, सांगा ना आईला!"

"ती उठत नाहीये, नाना," स्नेहलता रडकुंडीला आली. "मला तिला उचलून एवढं चालता नाही येणार, ती लाथा मारतेय."

"फोन तिच्या तोंडापुढे धर."

नातीचा लाल, भेदरलेला चेहरा समोर आला. मार्तंडरावांनी तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. ओठ वाकडे झाले असावेत, पण पोरीला तेवढं पुरलं.

"भानू, तुला एक गंमत सांगतो. ती गोष्ट खोटी आहे."

"खोटी?"

"सगळी. मी रचलेली. नदीत कोणी बुडालं नाही."

"आणि विश्वंभर?"

अनुसूयाबाईंनी चटकन वर बघितलं.

"विश्वंभर नावाचं कोणी नव्हतंच," मार्तंडराव म्हणाले. "पाण्यात पाय टाकला की नुसतं भिजायला होतं. जा, आईचा हात धर. आजोबांना उडी मारून दाखव."

भानूने नाक पुसलं. मग धप्पकन आवाज झाला, "कोल्ड आहे!" असं ती ओरडली, आणि फोनवर आधी आभाळ दिसलं, मग काहीच दिसेना.

पुढची पंचवीस मिनिटं त्या घरात कशी गेली ते त्या दोघांनाच ठाऊक. फोन लावावा तर लागत नव्हता. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या, खाली कुणीतरी स्कूटर चालू केली. अनुसूयाबाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं होतं ते सोडलं नाही. मार्तंडराव भिंतीकडे बघत होते आणि त्यांना भिंतीवर खांब दिसत होता. दोन पट्टे. एक. आपण लेकीला आणि नातीला आपल्या तोंडाने मारलं, असं ते मनातल्या मनात शंभरदा म्हणाले असतील.

यशवंतरावांचा फोन आला तेव्हा तो उचलायचा धीर दोघांनाही होत नव्हता. शेवटी अनुसूयाबाईंनी उचलला.

दोघी वाचल्या होत्या. मधल्या खोलगट जागी पाणी स्नेहलताच्या छातीला लागलं तेव्हा भानू तिच्या खांद्यावर होती आणि समोरून यशवंतराव कपड्यांनिशी पाण्यात शिरले होते. मागाहून बचावाची बोट आली. बोटीवरच्या माणसाने वळून दाखवलं, तर तो वाळूचा उंचवटा कुठे होता तेही सांगता येत नव्हतं. हे ऐकल्यावर मार्तंडराव लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले.

त्यानंतर सर्वपित्री आली. हातात पाणी घेतलं आणि विश्वंभरचं नाव ओठांवर येईना. आपणच तो नव्हता म्हणून सांगून बसलो, आता कोणत्या तोंडाने हाक मारायची? "माफ कर, भैया," एवढंच म्हणून त्यांनी पाणी सोडलं. गोष्ट सांगणंही त्यांनी बंद केलं.

डिसेंबरात लेक आणि नात झाशीला आल्या. भानूला बघायला शेजारचे नामदेवजी आले, आणि तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन विश्वंभरच्या रुक्मिणीबाईही आल्या. त्यांचे केस आता पार पांढरे झाले होते. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि नामदेवजींनी पोरीला खूश करायला म्हणून विषय काढला, "भाईसाब, बहुत दिन हो गए. हो जाए वो बेतवा वाली!"

"ती खोटी आहे," भानू म्हणाली. "आजोबांनी बनवली. विश्वंभर नावाचं कोणी नव्हतंच."

अनुसूयाबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. गोष्ट खरी आहे म्हणून सांगावं तर येत्या उन्हाळ्यात पोरगी पुन्हा कुठल्यातरी पाण्याकाठी तंबूत असणार, आणि वेळ आली तर पुन्हा मुठी वळून बसणार. मार्तंडरावांना रुक्मिणीबाईंकडे बघवेना.

"हो," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "मीच रचली होती."

रुक्मिणीबाईंनी भानूला जवळ घेतलं. "तुला कधी सांगितलं गं आजोबांनी हे?"

"समुद्रात. पाणी आलं होतं. मी खूप घाबरले, मी उठतच नव्हते. मग आजोबा बोलले गोष्ट खोटी आहे, तर मी आईबरोबर गेले."

रुक्मिणीबाई बराच वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी डबा उघडला.

"खोटीच आहे ती, बाळ," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे ना. त्या दिवशी सगळे घरी परत आले होते."

मार्तंडरावांनी त्यांच्यापुढे हात जोडले. पण रुक्मिणीबाईंचं लक्ष नव्हतं, त्या डब्यातली न मोडलेली वडी शोधून भानूच्या हातावर ठेवत होत्या.