कानस मला लावा, बारक्याला नको

मी जाड्या बोलतोय. जरा धीर धरा. मला तापायलाच वेळ लागतो, बोलायला त्याहून जास्त.

मी सोल्डरिंगचा आयर्न आहे. लाकडी मूठ, पुढे लोखंडी नळी आणि नळीच्या तोंडात अंगठ्याएवढी जाड तांब्याची बिट. ही बिट तापते, कथलाची तार वितळवते आणि दोन वायरी एकमेकींना धरून राहतात. आमच्याकडे त्याला डाख देणं म्हणतात. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. माझी आठवण मालकांच्या उजव्या हातापासून सुरू होते. तो हात कधी घाई करत नसे.

मालकांचं दुरुस्तीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. गल्लीकडे खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलामागे मालकांची खुर्ची. पत्रा, जाड वायर असलं दणकट काम माझ्याकडे असे. नाजूक सर्किट बोर्डांसाठी एक बारीक आयर्न होता. मालकांचा उजवा हात लुळा पडला त्या दुपारी तो त्यांच्या बोटांतून सुटून फरशीवर पडला आणि आतून तुटला. मालक दवाखान्यातून परत आले ते उजवा हात डाव्याने उचलून मांडीवर ठेवत. खुर्ची मात्र त्यांनी सोडली नाही.

एक दिवस त्यांची बायको स्टूल घेऊन टेबलाशी आली.

"मला शिकवा."

"तुला?"

"मग काय खिडकीला शिकवताय? दुकान बंद पडलं तर घर कशावर चालायचं?"

मालकांनी डाव्या हाताने मला तिच्याकडे ढकललं. "घे. शीक."

असं ढकललेलं मला आवडलं नाही. तीही आवडली नाही. सांडशी धरावी तशी तिने मला मुठीत धरलं. फडक्याला पुसायची नाही, तासन्‌तास तापत ठेवायची, माझं तोंड काळं पडलं की मलाच बोलायची. मुसळ म्हणायची मला.

शिकणारे सगळे करतात तेच तिने केलं. आधी कथील माझ्या बिटवर घेतलं आणि मग ते उचलून जोडावर नेऊन ठेवलं. तसं ठेवलेलं कथील धरत नाही. जोड आधी तापवायचा असतो आणि कथलाची तार त्या तापलेल्या जोडाला लावायची असते. मालकांना हे पाठ होतं. त्यांनी सांगितलं नाही.

"चमच्याने औषध पाजतेस काय त्याला?" एवढंच म्हणाले.

"तुम्हाला पाजते तसंच."

"मग तेही चुकतच असणार."

ती जोड ओढून बघायची, वायर सुटून हातात यायची. मालक खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "चुकलं." काय चुकलं ते नाही, नुसतं चुकलं. एकदा मी तिच्या बोटाला चांगला चटका दिला. तिने बोट तोंडात घातलं, दुसऱ्या हाताने मला उचललं आणि पुन्हा जोडाला लावलं. तेव्हा तिची तार चुकून माझ्याऐवजी तापलेल्या वायरीला लागली. कथील आपणहून आत शिरलं आणि चकचकीत होऊन बसलं. तिने ओढून बघितलं. सुटलं नाही.

"हे तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

मालक पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

वायरी तिला जमू लागल्या. पण बोर्डावर माझं काय चालणार? बोर्डावरच्या सुट्या भागांना तारेचे बारीक पाय असतात, आणि माझी बिट एका वेळी तीन पायांवर बसते. तापलेली तांब्याची पट्टी बोर्डावरून सायीसारखी उचलून यायची. भंगारातले कितीतरी बोर्ड आम्ही दोघांनी मिळून जाळले. कथलाच्या तारेतल्या राळेच्या धुराने तिचे डोळे लाल व्हायचे आणि मालकांचे धुराशिवायच.

मग लिफ्टवाला आला. इमारतींच्या लिफ्ट सांभाळणारा हा माणूस, पूर्वी महिन्याचं निम्मं काम त्याचंच असे. त्याने एक बोर्ड टेबलावर ठेवला.

"वहिनी, याचे पाय सुटलेत. शनिवारी दुपारी नेतो. जमलं तर पुढचेही तुमच्याकडेच आणीन. नाही जमलं तर मला दुसरं दुकान बघावं लागेल. राग मानू नका."

"राग कसला? आजच बघ दुसरं," मालक म्हणाले.

"ते दुकान चालवत नाहीत आता," ती लिफ्टवाल्याला म्हणाली. "मी चालवते. ठेवून जा."

लिफ्टवाला गेल्यावर तिने बोर्ड फडक्यात गुंडाळून खणात ठेवला.

त्याच संध्याकाळी ती बाजारातून नवा बारीक आयर्न घेऊन आली, तोच बारक्या. मालकांनी त्याला डाव्या हातात धरून उलटासुलटा केला.

"हे काय, पेन आणलंस?"

"पेनच आणलंय. तुमच्या मुसळाने लिहिता येत नाही."

"कोणी निवडून दिलं?"

"मीच निवडलं. दुकानदार म्हणाला, मिस्टरांना विचारून या. म्हटलं, काम मी करणार आहे. तो तापमानाचे आकडे दिसणारं भारीतलं दाखवत होता. मी तीन-चार हातात धरून बघितले. जो धरल्यावर मनगट ओढत नाही आणि ज्यावर बोटं टोकाजवळ येतात, तो घेतला. वायर मऊ आहे. याची बिटही वेगळी मिळते."

मालकांनी बारक्याला टेबलावर ठेवलं. नाव ठेवायला त्यांना काही सापडलं नसावं, कारण ते जेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात होती. मालक एकटेच टेबलाशी आले. त्यांनी बारक्याला दोन गुडघ्यांत दाबून धरलं आणि डाव्या हातात कानस घेतली. मी जवळच पडलो होतो. नवा आयर्न आला की त्याच्या बिटला पहिली कानस मालकांनी लावायची, तांबं लखलखेपर्यंत घासायचं आणि लगेच वर कथलाचा पातळ हात द्यायचा, ही त्यांची जुनी रीत. माझंही त्यांनी असंच केलं होतं. डावा हात अडाणी. कानस दोनदा निसटली, बोटाच्या सांध्याचं साल गेलं. तरी त्यांनी पुरं घासलं, तापवलं, कथील दिलं, पुसलं आणि होता तिथे होता तसा ठेवला. नंतर हात मांडीवर घेऊन गल्लीकडे बघत बसले.

मला हेवा वाटला. इतक्या दिवसांत मला एकदाही कानस लागली नव्हती.

दोन दिवस बारक्या छान चालला. ती भंगारातल्या बोर्डावर सराव करत होती आणि डाख मोत्यासारखे पडत होते. शनिवारी सकाळी तिने लिफ्टवाल्याचा बोर्ड घेतला. निम्मे पाय झाले आणि कथील बारक्याच्या टोकावरून गोळी होऊन घरंगळायला लागलं. तिने टोक पुसून उजेडात धरलं. टोकाला खड्डा पडला होता, आणि वरच्या अंगाला कानसेचे ओरखडे होते.

"कानस लावलीत तुम्ही."

"लावली."

"माझ्याच्याने होऊ नये म्हणून?"

"तांबं दिसेपर्यंत घासायचं असतं. आम्ही सगळे तसंच शिकलो."

"ते तुमच्या मुसळाचं. याला वरून लोखंडाचा मुलामा असतो. तो गेला की कथील आतलं तांबं खाऊन टाकतं. कानस लावू नका म्हणून दुकानदाराने बजावलं होतं."

"मला कोणी सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत?"

"तू सांगितलंस?"

त्या घरात कोणी कोणाला काही सांगत नव्हतं, हे मी एवढे दिवस बघत होतो. तिची नजर मालकांच्या डाव्या हाताच्या सांध्यावर गेली. तिथे खपली धरली होती. तिने ती बघितली आणि तोंड फिरवलं. लिफ्टवाला दुपारी येणार होता आणि नवी बिट बाजारात जाऊन आणायची तर दुपार तिथेच झाली असती.

"तांब्याची जाड तार काढ," मालक म्हणाले. "खालच्या खणात आहे. सोलून घे."

"कशाला?"

"काढ तर."

मालकांनी मला डाव्या हाताने मुठीशी धरलं. "याच्या बिटला गुंडाळ. घट्ट. शेवटचं टोक पुढे काढ, उंदराच्या शेपटीएवढं. ते टोक तापेल. त्यानेच डाख द्यायचा."

"असं चालतं?"

"मी बारीक आयर्न घेईपर्यंत असंच चालवलं."

"मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू नीट गुंडाळ."

ती गुंडाळू लागली. तार सैल पडत होती. मालक मला घट्ट धरून मागे रेलले, तिने पक्कडीने तार पुढे ओढली. मी दोघांच्या मध्ये ताणला गेलो. पूर्वी हे काम मालक एकटेच दोन हातांनी करत.

त्या शेपटीने तिने उरलेले पाय पुरे केले. मला जेवढं हळू तापता आलं तेवढं मी तापलो. एकही पट्टी उचलली नाही.

लिफ्टवाल्याने बोर्ड नेला. अंधार पडायच्या आत त्याचा फोन आला, लिफ्ट नीट वरखाली होत होती.

"एक डाख जाड झाला होता," मालक म्हणाले.

"कुठला?"

"तिसरा."

"तुमचा गुडघा लागला टेबलाला म्हणून."

आता बारक्याला नवी बिट आहे आणि नाजूक कामं तोच करतो. खुर्चीवर अजून मालकच बसतात, ती स्टुलावर. भांडण मिटलेलं नाही, मिटेल असं मला वाटतही नाही. मला पुन्हा जाड वायरी आल्या, आणि सकाळची कानसही. एका हाताने मला नीट घासता येत नाही, म्हणून मूठ ती धरते आणि कानस मालक चालवतात.

तुमच्याही घरी कोणी नव्याने शिकत असेल, तर एवढं लक्षात ठेवा, बारक्याला कानस लावू नका. ती मला लावा. मात्र कानसेने माझी बिट रोज थोडी आखूड होते, म्हणून मालकांना माझं सांगणं आहे, हळू घासा. मला घाई नाही.

"हलवू नकोस," मालक म्हणतात.

"मी नाही हलत. तुमचाच हात हलतोय."

"मग घट्ट धर."

"धरलंय."