आत काही नाही, साहेब

मित्रांनो, मी पोलादाचे एक जुने पात्र आहे. सायकलची फुगवलेली ट्यूब जमिनीवर आडवी ठेवावी, तसा माझा आकार. फरक इतकाच की माझ्या पोकळीत माणूस वाकून चालू शकतो, आणि माझ्यात हवा भरायची नसते, काढायची असते. सूर्याच्या पोटात हलके अणू एकमेकांत मिसळतात आणि त्यातून अफाट ऊर्जा निघते. ते अणुसंमीलन पृथ्वीवर घडावे, म्हणून सरकारने मला घडवले.

मला तयार व्हायला अकरा वर्षे लागली. त्यांतली चार वेल्डरांनी घेतली, सात मंजुरीने. उद्घाटनाला मंत्र्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि दहा वर्षांत घरोघरी वीज येईल, असे जाहीर करून टाकले. हे त्यांना कोणी सांगितले होते, ते मला आजवर कळलेले नाही.

माझ्या कामाची एक अट आहे. पोकळीत हवेचा मागमूस राहता कामा नये. भिंतींत मुरलेला ओलावासुद्धा निघावा, म्हणून मला सहा आठवडे तापवतात आणि पंप अखंड चालवतात. एकदा हवा शिरली की सहा आठवडे पाण्यात. सरकारची रीत नेमकी उलटी. दर तीन वर्षांनी नवी समिती, तिचा नवा दहा वर्षांचा आराखडा, आणि तो मंजूर होईपर्यंत काम स्थगित. असे आठ आराखडे मी पाहिले. त्यांतला एकही चौथ्या वाढदिवसापर्यंत जगला नाही.

पंचवीस वर्षे माझ्यावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंना एकच गोष्ट पाहायची होती: पूर्ण शक्तीचा एक प्रयोग. त्यांच्या निवृत्तीला बारा दिवस उरले होते. मी तापून लख्ख झाले होते. सोमवार ठरला. त्याआधीच्या गुरुवारी समिती आली.

अध्यक्षांनी माझ्या काचेच्या झरोक्यातून डोकावले. "आत काय आहे?"

"काही नाही, साहेब," पंपमिस्त्री अभिमानाने म्हणाला. इतकी निर्मळ पोकळी त्याला उभ्या नोकरीत साधली नव्हती.

"मग हे पंप कशाला घरघरताहेत?"

"ते 'काही नाही' टिकवायला."

कुणीतरी हसले. बाईंनी अर्धा तास समजावून सांगितले. अध्यक्षांनी ऐकले, चहा घेतला आणि शेरा मारला: निष्कारण चालणारी उपकरणे तत्काळ बंद करावीत व त्यांची वीज तोडावी.

"मिस्त्री, झडप हातानं बंद करा," बाई म्हणाल्या. "सोमवारपर्यंत तग धरेल."

"ते धरेल हो. पण सोमवारी वीज कोण देणार, तुमचा जावई?"

"जावई बँकेत आहे."

"मग झालंच कल्याण!"

दोघांनी मिळून झडप आवळली. मी तग धरला. सोमवार गेला, मंगळवार गेला. बाई रोज येत, माझा दाबमापक पाहत आणि नवा अर्ज लिहीत. बाराव्या दिवशी, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, उत्तर आले: अहवाल होईपर्यंत वीज मिळणार नाही, दरम्यान तपासणीसाठी पात्र उघडावे.

मिस्त्री पुढे झाला. "तुम्ही नका," बाई म्हणाल्या, "मीच उघडते." हवा शीळ घालत आत घुसली. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

अहवाल निघाला. त्यात म्हटले आहे: या यंत्रावर पूर्ण शक्तीचा एकही प्रयोग झालेला नाही, सबब याहून मोठे यंत्र उभारावे. मुदत, दहा वर्षे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीतरी उद्या अध्यक्षांच्या खुर्चीत बसेल. तेव्हा एवढेच करा. काम तीस वर्षांचे असेल, तर त्याला तीस वर्षे द्या. देववत नसतील, तर पहिल्याच दिवशी स्वच्छ नाही म्हणा. त्या पोलादाचा निदान एखादा पूल होईल, आणि कुणा बाईंची पंचवीस वर्षे वाचतील.