नळाचं पाणी

“आजही उघडली नाही,” ती म्हणाली. दुकानातून आल्यावर खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. तशीच वाकून ती मत्स्यपेटीच्या काचेत बघत होती.

“कोण?” आतल्या खोलीतून सासऱ्यांनी विचारलं.

“हातोडी, बाबा.”

हातोडी म्हणजे एक प्रवाळ. खाली दगडासारख्या फांद्या आणि टोकांना हिरवट, मऊ बोटं, शेंड्याशी हातोडीसारखी रुंदावलेली. एरवी ती पाण्याबरोबर दिवसभर डुलायची. आता मात्र सगळी बोटं आत ओढून बसली होती. शेजारची बटणांएवढी प्रवाळं फिकट पडली होती आणि वाळूवर तपकिरी साय धरली होती.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम करायची. केसाएवढी चूक नजरेला टोचण्याची सवय लागलेली. खाऱ्या पाण्याची ही पेटी तिने हौसेने, पुस्तकं वाचून, चुकतमाकत उभी केली होती. नवरा म्हणायचा, “मला ताप आला की ही कपाळाला हात लावून बघते. टाकीला मात्र थर्मामीटर.”

प्रवाळं ज्याच्याकडून आणली त्या शोभेच्या माशांच्या दुकानदाराला तिने फोन केला. तो म्हणाला, “ताई, घाबरून सगळं एकदम बदलू नका. एकेक करून बघा, नाहीतर कशाने बिघडलं ते कधीच कळणार नाही.” मग तिने दिव्याचा उजेड कमी केला आणि वाट पाहिली. हातोडी पंपाच्या झोतातून बाजूला सरकवली आणि वाट पाहिली. खारटपणा मोजला, तो ठीक होता. फक्त शेवाळाला खत होणारा एक क्षार जरासा वाढलेला दिसत होता. नवऱ्याने मासे फार खातात असा ठपका ठेवला, म्हणून त्यांचं खाणं कमी केलं. मासे काचेशी येऊन तोंडं उघडत राहिले. हातोडी मिटलेलीच राहिली.

सासरे हे सगळं खुर्चीवरून बघायचे. शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात त्यांनी पंपचालक म्हणून सगळी नोकरी काढली होती. घर केंद्राच्या आवारातच होतं. पंपाचा आवाज जरा बदलला की ते जेवता जेवता ताटावरून उठायचे. सासूबाई गेल्या आणि मुलाने त्यांना आपल्याकडे आणलं. इथे त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं. भाजी चिरायला घेतली की कोणीतरी हातातली सुरी काढून घ्यायचं. केर काढायला वाकले की झाडू जायचा. “बाबा, तुम्ही बसा,” हे वाक्य घरात दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचं, आणि ते बसायचे.

एकदा ओट्याखालचा पाण्याचा कॅन उचलताना तिच्या लक्षात आलं की तो अजून जड आहे. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जायचं. काचेवरच्या रेषेपर्यंत ती ते या कॅनमधल्या शुद्ध पाण्याने भरायची. त्यासाठी तिने एक गाळणयंत्र घेतलं होतं, ते पाण्यातलं सगळं काढून टाकायचं. पूर्वी कॅन भराभर संपायचा. अलीकडे टाकीतली पातळी रेषेखाली गेलेली दिसतच नव्हती. हवा गार झालीय म्हणून असेल, असं म्हणून तिने कॅन जागेवर ठेवला.

त्यानंतर एकदा ती भर दुपारी घरी आली. फोन विसरला होता. दार लोटलेलंच होतं. टाकीचा पंप घरघरत होता. पातळी खाली गेली की तो हवा ओढायचा. सासरे स्टुलावर उभे होते, एका हाताने भिंत धरून. दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातला जग होता. वाळू उडू नये म्हणून ते काचेच्या कडेने पाण्याची बारीक धार सोडत होते. रेषेशी पाणी टेकलं, घरघर थांबली. ते मान कलती करून क्षणभर ऐकत राहिले. मग सावकाश उतरले आणि जग नळाखाली विसळायला गेले.

फोन न घेताच ती जिना उतरली.

“मी सांगतो बाबांना,” नवरा संध्याकाळी म्हणाला.

“काय सांगशील?”

“टाकीला हात लावू नका म्हणून.”

“हात लावू नका हेच तर आपण त्यांना येता-जाता सांगतोय,” ती म्हणाली. “राहू दे. मी बघते.”

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर तपासणीच्या नळ्या मांडल्या आणि सासऱ्यांना हाक मारली. “बाबा, जरा मदतीला येता? रंग ओळखायला मला दोन डोळे कमी पडतात.”

“चष्म्याच्या दुकानात काम करून?” ते म्हणाले, पण लगेच उठून आले. नळी उजेडासमोर धरायची त्यांची पद्धत बघून ती चकित झाली. दोन बोटांत, मागे पांढरा कागद, डोळ्याच्या रेषेत.

“आम्ही क्लोरीन असंच बघायचो,” ते म्हणाले. “गावाच्या शेवटच्या नळालासुद्धा थोडा रंग आलाच पाहिजे. नाही आला तर मला घास जात नसे. यात क्लोरीनची बाटली कुठली?”

“यात नाही ठेवत, बाबा. टाकीत क्लोरीन चालतच नाही.”

“जास्त झालं तर.”

“थोडंसुद्धा नाही. तुम्ही ज्या जंतूंसाठी घालायचात ना, त्यांच्यासारखंच या प्रवाळांनाही ते मारतं. शिवाय नळाच्या पाण्यात आणखी बरंच काही असतं. आपल्याला त्याने काही होत नाही, यांना होतं.”

त्यांनी नळी लाकडी स्टँडमध्ये परत ठेवली. टाकीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

“पंप कोरडा चालत होता,” ते म्हणाले. “तो आवाज मला ऐकवत नाही गं. म्हटलं, तुम्ही दोघं कामावर, पाणी काय, आपलंच पाणी.”

“मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“त्या दिवशी मी दारात होते.”

“मग तेव्हाच बोलायचंस.”

“रेषेपर्यंत भरायचं एवढंच मी तुम्हाला दाखवलं होतं,” ती म्हणाली. “कशाने भरायचं ते सांगितलंच नाही.”

“माझ्या पाण्याने कधी कोणी आजारी पडलं नव्हतं,” ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता; चौकशीत माहिती द्यावी तसं ते बोलले.

“अजूनही पडत नाही, बाबा. आपण तेच पितो.”

त्या दिवशी दोघांनी मिळून टाकीतलं काही पाणी बदललं. पुढच्या आठवड्यांत आणखी काही वेळा बदललं. शुद्ध पाणी गाळण्याचं आणि दुपारी रेषा सांभाळण्याचं काम सासऱ्यांकडे आलं. नवरा एकदा सवयीने म्हणाला, “बाबा, तुम्ही बसा, मी ओततो.” तेव्हा ते म्हणाले, “तू बस.”

बटणं हळूहळू रंगावर आली. वाळूवरची साय गेली. हातोडीने मात्र काही दिवस दोन-चार बोटं बाहेर काढली आणि मग सोडून दिली. मऊ भाग विरघळत गेला. एका सकाळी फांद्यांवर काहीच उरलं नाही.

तिने ती बाहेर काढून ताटलीत ठेवली. सासरे बाजूला उभे होते. फांद्यांच्या टोकांना पाकळ्यांसारख्या पांढऱ्या, धारदार कडा होत्या. जिवंतपणी त्या कधी दिसल्या नव्हत्या.

“याचं काय करतात?”

“काही नाही. कोणी टाकून देतं, कोणी ठेवतं.”

त्यांनी ती हातात घेतली. वजन अजमावलं.

“आता हिला नळाचं चालेल ना?” त्यांनी विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली.

ते मोरीपाशी गेले. नळ अगदी बारीक सोडला आणि एकेक फांदी बोटाने चोळत, ती धूत उभे राहिले.