नळीतला बोळा

मामाच्या गाडीला दोन-तीन मेकॅनिकांनी हात लावला होता आणि तेल गळतंय म्हणून प्रत्येकानं सांध्यातलं गॅस्केटच बदललं होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! मी आयुष्यभर जुन्या गाड्याच खोलत आलेय. माझ्या हाताखालून गेलेलं इंजिन पुन्हा गळत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगते, पण खरं आहे.

मामाचा फोन आला. "रविवारी गाडी घेऊन तुझ्या आईकडे यायचं म्हणतोय, हमरस्त्यानं. तेवढी गळती थांबव. बाकी गाडी ठणठणीत आहे."

माझी आई म्हणजे त्याची थोरली बहीण. तिच्याकडे जायचं तर स्वतः गाडी चालवतच, हा त्याचा हट्ट जुना. शनिवारी सकाळीच मी हत्यारांची पेटी घेऊन हजर झाले.

पोर्चमध्ये गाडीखाली वर्तमानपत्रं पसरलेली होती आणि मामी तेलानं माखलेली उचलून नवी घालत होती. आता ही मामी म्हणजे ओल्या पावलांनी कुणी आत आलं तर घर डोक्यावर घेणारी बाई. ती मला शांतपणे म्हणते, "जुनी गाडी आहे, गळायचीच. कशाला जीव काढतेस?" माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

बॉनेट उघडलं. वरच्या झाकणाखालून, पुढून, मागून, जिथं सांधा तिथं तेल. अहो, सगळी सीलं एकदम ठरवून जातात का? इंजिन चालताना त्याच्या पोटात वायू साठतो. तो बाहेर पडावा म्हणून वरच्या झाकणापासून एअर फिल्टरपर्यंत एक रबरी नळी असते. ती तुंबली की इंजिनाचं पोट फुगतं आणि तेल सापडेल त्या फटीतून बाहेर येतं. मग लावा किती गॅस्केट लावायची ती!

मी इंजिन चालू केलं, तेल ओतायच्या तोंडावरचं झाकण काढलं आणि तिथं कागदाचा कपटा ठेवला. नळी मोकळी असती तर कपटा अलगद चिकटून बसला असता. हा फडफडत उडाला आणि शेजारी उभ्या मामाच्या बाहीवर जाऊन बसला.

"चिकटला का गं?" मामानं विचारलं.

मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. कपटा त्याच्या मनगटापाशी होता.

"सांगते. आधी आतून नळीच्या क्लिपा शोधून आण," म्हणत मी त्याला घरात पिटाळलं, इंजिन बंद केलं आणि नळी उपसली. आत बोट घातलं तर कापडाचा बोळा. निळ्या चौकड्यांचं ओट्याचं फडकं, आणि त्याला दोऱ्याचे गच्च वेढे दिलेले, एक धागासुद्धा इंजिनात जाऊ नये म्हणून. इतक्या मायेनं केलेला घातपात मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"मामी, इकडे ये."

ती आली. बोळा बघून पदराशी चाळा करायला लागली.

"नळी कुठली ते कसं कळलं तुला?"

"चाळीस वर्षं हा माणूस जेवताना दुसरं बोलला काय?" ती फणकारली. मग आवाज खाली आला. "सायकलवरची पोरगी दिसली नाही गं त्याला. वीतभर अंतरानं वाचली. म्हणतो, तीच एकाएकी आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं, तर म्हणे, तो कालचं पोर आहे. मी काय करू? गाडी मोडवेना माझ्यानं. नुसती थांबवली. तू घाल बाई तो परत."

"नाही घालणार."

"अगं, उद्या हमरस्त्यावर..."

"मामी, गळकं इंजिन ठेवून मी इथून जाणार नाही. आणि त्याला जे सांगायचं ते तेलाच्या डागांनी किती दिवस सांगणार? मी सांगते."

सांगते म्हणाले खरी, पण आधी नळीच बदलायला घेतली. ज्या माणसानं मला पहिल्यांदा पाना धरायला शिकवलं, त्याला हे मी सांगायचं! तेलाला टिकणारी नवी नळी बसवली, वरच्या झाकणातली जाळी पेट्रोलनं धुतली, सांधे पुसून कोरडे केले. मामानं आणलेल्या क्लिपा आवळल्या. इंजिन चालू केलं. यावेळी कपटा तोंडावर चिकटला आणि हलला नाही. खाली घातलेला कागदही कोरडाच राहिला.

मामानं कान देऊन ऐकलं. "वा! कसं मोकळं वाजतंय." मी झाकण लावून इंजिन बंद केलं, किल्ली काढली. तसा त्यानं तळवा पुढे केला. "आण किल्ली."

"नाही देणार," मी म्हणाले. "मामा, तुला दिसत नाही."

मामी दाराची चौकट धरून उभी राहिली. मला वाटलं, आता तोफ उडणार.

मामानं हात खाली घेतला. "बोळा काढलास ना?"

"तुला माहीत होतं?" मामीनं विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात बोटांना लागला होता. राहू दिला. काढला असता तर चालवावी लागली असती." त्यानं चाचपत बॉनेट खाली घेतलं. "गाडी बिघडलीय म्हणायला सोपं जातं गं. आपण बिघडलोय म्हणायला जीभ वळत नाही. म्हणून तर तुला बोलावलं, तू शोधून काढून तोंडावर सांगशील म्हणून. बाकीचे गॅस्केटच्या पुढे जाईनात."

"आणि मी रोज गुडघे टेकून फरशी घासतेय!" मामी ओरडली आणि रडायला लागली. "एका शब्दानं बोलला नाहीस!"

"तू तरी कुठे बोललीस?"

मामीनं गाडीखालची वर्तमानपत्रं ओढून गोळा केली.

मामा बॉनेटवर हात टेकवत टेकवत पलीकडच्या बाजूला गेला. दाराची मूठ चाचपली, दार उघडलं आणि ज्या सीटवर तो कधीच बसला नव्हता तिथं जाऊन बसला.

"चला," तो म्हणाला, "एक फेरी मारून बघू. तू चालव. आणि रस्त्यात काय काय दिसतं ते मला सांगत राहा."

मामी डोळे पुसत मागे चढली. फाटकातून बाहेर पडायच्या आधीच ती सांगायला लागली.